माहेरवाशिणींचा कागद

"आधार काय?"

हे विचारताना ते उजव्या हाताचे पहिले बोट जिभेला लावत, पुस्तकाचे पान उलटण्याआधी लावतात तसे. समोर पुस्तक असलेच पाहिजे असे नाही. आज उकडते आहे, अमक्याकडे मुलगा झाला, तमका आजारी आहे, काहीही सांगा, बोट जिभेला जायचे आणि प्रश्न यायचा. आमची पहिली भेट शाळेच्या ओट्यावर झाली. त्यांच्या पायाशी विंचू पाहून मी ओरडलो. ते खाली न बघता म्हणाले, "विंचू कशावरून? आधार काय?" आधार विंचवानेच दिला. पुढचे दोन दिवस ते शाळेत आले नाहीत.

कल्याणच्या इंग्रजी शाळेत ते दुय्यम मास्तर होते आणि मी वळणमास्तर, म्हणजे पोरांच्या अक्षराला वळण लावणारा. मॅट्रिकला मी दोनदा आपटलेलो. माझ्याजवळ चांगल्या अक्षराशिवाय दाखवण्यासारखे काही नव्हते. ते एम.ए. झालेले. त्या काळी सगळ्या कल्याणात तेवढी शिकलेली दुसरी असामी नव्हती, त्यामुळे लोकांनी त्यांचे नावच टाकून दिले होते. भाजीवालीपासून मामलेदारापर्यंत जो तो त्यांना 'एमे' म्हणे. एमेंचे घर, एमेंची छत्री, एमेंचा पडसे झालेला आवाज. मीही तेच म्हणतो.

एवढा विद्वान माणूस आमच्या शाळेत काय करत होता, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटे. एम.ए. झाल्यावर वर्षभर ते मुंबईला कॉलेजात फेलो होते, शास्त्राच्या प्रोफेसरांच्या हाताखाली. विलायतेहून नुकतेच आलेले ते साहेब तरुण होते, आणि त्यांना आमचे एमे फार आवडत. तेवढ्यात वडील गेले. घरी आई अंथरुणाला खिळलेली. जवळची नोकरी पत्करून एमे कल्याणला आले, ते "एक वर्षापुरता आलोय" असे सांगत. मी शाळेत लागलो तेव्हा त्या एका वर्षाला पाच वर्षे झाली होती. पुस्तकांच्या पेट्या अजून दोरीने बांधलेल्या होत्या. पुस्तक हवे असले की ते दोरी सोडत, पुस्तक काढत आणि पुन्हा गाठ मारत.

रविवारी ते मला फिरायला नेत. बंदरावरून होडी करायची आणि खाडीने दिव्याच्या बाजूला खाजणात जायचे. खाजण म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवलेली खारी जमीन. तिथे आगरी लोक तांबडे भात पेरतात. भाताच्या दाण्यावर एमेंचे लक्ष कसे गेले, ते सांगतो.

एका वर्षी ऐन पावसाळ्यात तिकडचा बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. सगळ्यांचे भात बसले, फक्त गोमा नावाच्या म्हाताऱ्याचे उभे राहिले. बाकीच्यांच्या जाती वेगळ्या, पण शेजाऱ्याचे भात त्याच जातीचे, त्याच रंगाचे, तरी तेही मेले. एमेंनी विचारले, असे का? गोमा चिखलात उभा राहून बोलत होता; त्याच्या तोंडी 'ड'चा 'र' होई, म्हणून गोडी जमीन ती 'गोरी'.

"त्यान बी माजे पोरीचे सासरशी आनला व्हता. पोरीचे लग्नान मीच दिलेला. तय जमीन गोरी. तीन सालां गोऱ्या पान्यान रायला न् मऊ परला. आता खारी सोसत नाय."

बोट जिभेला गेले. "आधार काय?"

गोमाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिले. "आदार? आदार बांदाचा, मास्तर. बांद फुटला का मंग कोनाचा आदार?"

मी इतका हसलो की होडी हलली. एमे हसले नाहीत. परतीच्या वाटेवर ते एकदम म्हणाले, "वळणमास्तर, हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी सगळी वाचली आहेत." पुढच्याच आठवड्यात त्यांनी गोमाकडून दोन पुड्या आणल्या. एकीत खाजणातले बी, दुसरीत तेच बी, पण लेकीच्या सासरी गोड्या जमिनीत तीन वर्षे राहून आलेले.

मग कल्याणच्या लोकांना जन्माची करमणूक झाली. एम.ए. झालेला ब्राह्मण खांद्यावर कावड घेऊन बंदरावरून घरी खाजणाचा चिखल वाहून नेतो आहे, हे पाहायला बाजारपेठेतले लोक दुकानाच्या फळीवर येऊन उभे राहत. परसात बारा आणि बारा अशी चोवीस मडकी मांडली. पावसाळ्यात बंदरावर खाडीचे पाणी गोडावते, म्हणून त्यात मिठागराचे मीठ विरघळवायचे. किती, ते एमेंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ठरवत. जिभेवर थेंब घेत आणि सांगत, "आमटीच्या तिप्पट झालं. पुरे."

"तिप्पट कशावरून?" एमे विचारत.

"कशावरून म्हणजे? सोळा वर्षं आमटी करत्येय."

पाणी वहिनीच घालत, कारण एमे शाळेत. कोणत्या मडक्यात किती रोपे उभी आहेत, कोणते पान पिवळे पडले, हे त्यांना तोंडपाठ असे. लिहिता येत नव्हते. संध्याकाळी त्या सांगत आणि एमे वहीत टिपत. गोड्या जमिनीतून खाऱ्यात परत आलेल्या बियांच्या मडक्यांना त्यांनी नावच ठेवले होते, माहेरवाशिणी. मी कधी सकाळी गेलो तर दाराआडून आवाज येई, "भावजी, ह्यांना सांगा हो शाळेत, आणखी दोन माहेरवाशिणींनी माना टाकल्या."

तीन पावसाळे हे चालले. तिन्ही वर्षी तेच झाले. खाजणातले बी बाराच्या बारा मडक्यांत तगले आणि माहेरवाशिणी भाद्रपदाच्या आत गेल्या. तिसऱ्या वर्षी मी स्वतः पाहायला गेलो होतो. एका बाजूला हिरवे, एका बाजूला वाळलेले, मध्ये वीतभर वाट. एम.ए. सोडाच, मॅट्रिक नापासालाही कळावे इतके ते उघड होते.

त्याच सुमारास मुंबईहून प्रोफेसरांचे पत्र आले. कॉलेजात त्यांच्या हाताखाली एक जागा होणार होती, कायमची, निव्वळ संशोधनाची. मुंबईतल्या एका विद्वानांच्या सभेपुढे दिवाळीनंतर निबंध वाचले जाणार होते. एमेंनी स्वतःच्या पाहणीवरचा एक निबंध पाठवावा, बाकीचे आपण पाहून घेऊ, असे साहेबांनी लिहिले होते. एमेंनी ते पत्र मला वर्गाबाहेर बोलावून दाखवले. "सुटलो, वळणमास्तर," ते म्हणाले. मी त्यांना इतके आनंदात त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

दीड महिना ते लिहीत होते. पेट्यांच्या दोऱ्या एकदाच्या सुटल्या. निबंध चाळीस पानांचा झाला आणि स्वच्छ नक्कल करायला माझ्याकडे आला. इंग्रजी मला बेताचेच येई, पण नकलेपुरते कळे. एकोणचाळीस पाने म्हणजे अमका असे म्हणतो, तमका तसे म्हणतो, जर्मनीत हे आढळले, विलायतेत ते. चाळिसावे पान मात्र वेगळे होते. ते सुरूच 'मी' असे झाले होते. मी तीन वर्षे स्वतः पाहिले, की एकाच जातीचे बी, आणि मग चोवीस मडक्यांची हकीकत, वर्षावार. खाडाखोड नाही. ते पान वाचताना मला परसातली वीतभर वाट दिसली. मी ते पुन्हा एकदा वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एमे माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला होता.

"शेवटचं पान काढा."

"का?"

"त्याला आधार नाही. मोठमोठे रसायनशास्त्री लिहितात, की झाडाला मीठ सोसत नाही म्हणजे नाही. बी कुठून आलं यानं फरक पडतो असं एकानंही लिहिलेलं नाही."

"अहो, पण तुम्ही पाहिलंत ना?"

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांचे प्रोफेसर दुसरे होते, जुने, करड्या शिस्तीचे. त्यांनी एकदा टेबलावर पाणी उकळून दाखवले आणि पुढच्या बाकावरच्या एमेंना पारा बघायला उठवले. पुस्तकात फॅरनहाइटचे दोनशे बारा अंश, पारा दोनशे नवावर थांबलेला. सहामाहीत प्रश्न आला, पाणी किती अंशांवर उकळते? सतरा वर्षांच्या एमेंनी लिहिले, पुस्तकात दोनशे बारा आहे, परंतु मी पाहिले तेव्हा दोनशे नऊ होते. पेपर परत आला तो त्या उत्तराला शून्य घेऊन. समासात तांबड्या शाईने लिहिले होते, कोणाच्या आधाराने? वर्गापुढे ते मोठ्याने वाचूनही दाखवले. मुले महिनाभर त्यांना 'दोनशे नऊ' म्हणून हाक मारत.

"मग?"

"मग काय? पुढल्या परीक्षेपासून दोनशे बारा." ते हसायचा प्रयत्न करत होते. "बी.ए.ला पहिला वर्ग, एम.ए.ला पहिला वर्ग. एकदा चुकलं नाही."

"पण पारा दोनशे नऊवरच होता ना?"

"थर्मामीटर बिघडलेला असेल."

"होता का बिघडलेला?"

"ते कोणी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "मीसुद्धा."

मंडळी, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केले असते? तुम्ही भांडला असता, असे मला वाटते. मी भांडलो नाही. दोनदा मॅट्रिक नापास झालेल्या माणसाने एम.ए.ला शास्त्रातले काय शिकवायचे, असे म्हणून मी पान काढले आणि माझ्या कित्त्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिले. खोटे कशाला बोलू, एवढा मोठा मजकूर एका दिवसात संपवायचा होता, त्यात एक पान कमी झाले याचे मला तेव्हा बरेच वाटले. निबंध टपालात पडला.

संध्याकाळी वहिनींनी दाराआडून विचारले, "भावजी, गेला का हो माहेरवाशिणींचा कागद?"

"गेला," मी म्हणालो.

उत्तर दिवाळी होऊन महिन्याने आले. साहेबांनी लिहिले होते, निबंध मोठ्या कष्टाने केला आहे, परंतु यातली सर्व पुस्तके इथे सभेच्या कपाटात आहेत. तुम्ही खाडीच्या काठी राहता. तुम्ही तिथे काय पाहिलेत? जागा अजून भरलेली नाही. मला नुसत्या चार ओळी पाठवा, पण तुमच्या पाहण्यातल्या.

दार उघडे होते. आत पाऊल टाकायचे तेवढे राहिले होते. मी धावत घरी गेलो, गठ्ठ्यातले ते पान आणून त्यांच्यापुढे ठेवले. "घाला सही आणि द्या पाठवून."

"तसंच नको," ते म्हणाले. "जरा भाषा नीट करतो."

सोमवारी 'मी पाहिले' खोडले गेले आणि 'असे आढळते' आले. मंगळवारी 'असे आढळते' हे फार धीट वाटू लागले, म्हणून 'असे म्हटले जाते' झाले. बुधवारी शाळेत त्यांनी दोन वर्ग चुकवले. मी गेलो तेव्हा ते कपाळाला घाम येऊन बसले होते आणि नव्या कागदावर नुसता 'मी' लिहिलेला होता. एवढे एक अक्षर लिहून हात पुढे जात नव्हता. मी पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, "वळणमास्तर, मला येतच नाही हो हे. बारा वर्षं शिकलो, पण हे कोणी शिकवलंच नाही." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मोठा माणूस रडताना पाहून मी घाबरलो आणि काहीतरी निमित्त काढून घरी पळालो. त्या घाबरण्याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी मजकूर तयार झाला. चारच ओळी. काही निरक्षर शेतकऱ्यांची अशी समजूत आहे, की गोड्या जमिनीत राहिलेले बी खाऱ्या जमिनीत तगत नाही. परंतु या समजुतीस कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. मी नक्कल करून टपालात टाकली आणि खाडाखोडीचे जुने पान पुन्हा माझ्या गठ्ठ्यात ठेवले. त्या दिवशी माझे अक्षर विशेष चांगले आले होते.

साहेबांचे पत्र पुन्हा आले नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. एमेंनी पुस्तके पेट्यांत भरली आणि या वेळी दोरीच्या गाठी इतक्या घट्ट मारल्या की पुढे त्या कोणी सोडवलेल्या मी पाहिल्या नाहीत. मडक्यांत वहिनींनी अबोली लावली. आम्ही रविवारी फिरायला जात होतो, पण खाडीकडे नाही, तलावाच्या बाजूला. गोमा एकदा बाजारात भेटला आणि म्हणाला, "मास्तर, औंदा बी नेला नाय?" एमे त्याला म्हणाले, "पुढच्या वर्षी." नंतर आणखी नऊ वर्षे ते आमच्या शाळेत होते. पुढे हेडमास्तरही झाले. मुले त्यांच्या हाताखाली भराभर पास होत. उत्तर पुस्तकातल्या शब्दांत असले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता आणि एखाद्याने स्वतःचे शब्द घातले तर ते रागावत नसत, पण त्या मुलाकडे फार वेळ बघत राहत. ते बघणे मला सोसवत नसे. मी खिडकीबाहेर पाही.

एका आश्विनात त्यांना ताप आला आणि नवव्या दिवशी ते गेले. वय बेचाळीस. शाळेला सुट्टी दिली. स्मशानात गावातले निम्मे लोक होते. परत येताना दोघेतिघे त्यांच्या एम.ए.चे कौतुक करत होते, आणि ते ऐकत मी मागे चालत होतो.

दिवस झाल्यावर वहिनींचे भाऊ त्यांना न्यायला ठाण्याहून आले. मूलबाळ नव्हते, आई केव्हाच गेल्या होत्या, इथे कोण ठेवणार? निघायच्या दुपारी वहिनी आमच्या मागच्या दारी आल्या. विधवेचे तांबडे आलवण, डोक्यावरून पदर. माझी बायको त्यांना बसा म्हणाली. त्या उभ्याच राहिल्या.

"भावजी, एक विचारायचं राहिलं. तुम्ही तो माहेरवाशिणींचा कागद पाठवला होता, त्याचं काय उत्तर आलं? ह्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, म्हटलं वाईट आलं असेल."

मला आणखी एकदा खोटे बोलता आले असते. मी सगळे सांगितले. कागद काढायला त्यांनी सांगितले हे, आणि मी काढला हे. साहेबांचे दुसरे पत्र, त्या चार ओळी, त्यांतले 'निरक्षर शेतकरी'. वहिनी खाली बघून ऐकत होत्या.

"म्हणजे गेलाच नाही."

"नाही."

"मग मला का नाही विचारलंत?" आवाज चढला नव्हता. "त्यांना पाहिलं म्हणवत नव्हतं. मला आलं असतं की. तीन पावसाळे पाणी मी घातलं. मी पाहिलं होतं."

इतक्या वर्षांत हे ना एमेंच्या डोक्यात आले होते, ना माझ्या.

"आहे का तो कागद?"

कित्त्यांच्या गठ्ठ्यात तळाशी तो होता. कडा पिवळ्या झाल्या होत्या. खोडलेला मजकूर मी दुसऱ्या कागदावर पहिल्यासारखा उतरवून काढला, 'मी पाहिले' सकट. त्या दाराशी थांबून राहिल्या. मी विचारले, "हा 'मी' कोणाचा ठेवू?"

"तो त्यांचाच असू दे. खाली लिहा, हे मीही पाहिलं आहे. माझं नाव घाला."

त्यांनी नाव सांगितले. चौदा वर्षे शेजारी राहून ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी लिहिले. आपल्याकडे दस्तावर लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढतो आणि बाई बांगडी काढते. वहिनींनी लेखणी मागून घेतली, शाईत बुडवली आणि कागद उंबऱ्यावर ठेवून नावापुढे सावकाश एक वाटोळी बांगडी काढली. पदर सरकला तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे दिसले.

"आता पाठवा," त्या म्हणाल्या.

ठाण्याची गाडी सुटायच्या आत मी तो साहेबांच्या नावे टपालात टाकून आलो.